मुकी पट्टी

पियानोचं माझ्या डोक्यात आलं ते धूळ पुसताना. आमचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे काचा पुसायचं एक मऊ फडकं माझ्या पर्समध्ये कायम असतं आणि हात रिकामा राहिला की ते बाहेर येतं. त्या गुरुवारी आमच्या समूहगान मंडळाच्या तालमीला मी लवकर पोचले होते. म्हणून पियानोच्या पट्ट्या उजवीकडून डावीकडे पुसत निघाले. टिंग, टिंग, टिंग, टिंग... आणि मग काहीच नाही. मग पुन्हा टिंग. मी मागे येऊन ती मधली पट्टी दाबली. खाली गेली, वर आली, पण तोंडातून शब्द नाही. आमच्या ह्यांना ‘बाजारातून काय आणलंत?’ विचारलं की होतं तसं.

सगळे जमल्यावर मी शिकवणाऱ्या बाईंना सहज म्हणाले, “बाई, ही मधली पट्टी मुकी आहे. वर्धापनदिनाच्या आत दुरुस्त करून टाकूया ना.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. समूहगान मंडळात ‘करूया’ असं कधी म्हणू नये. ‘करायला हवं’ म्हणावं, ‘कुणीतरी बघायला पाहिजे’ म्हणावं, नुसता सुस्कारा सोडला तरी चालतो. ‘करूया’ म्हणणारा माणूस पुढच्या क्षणी त्या कामाचा प्रमुख होतो.

“उत्तम! मग तुम्ही बघाच,” डॉक्टर म्हणाले.

“मुकी कुठाय?” बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी दाबली आणि मान डोलावली. “लागते की. जरा हळू लागते इतकंच.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. बाईंना कोण सांगणार?

आमच्या मंडळाला दोन पुढारी आहेत. बाई पियानोवर बसून गाणी शिकवतात. आमच्यात कुणालाच सुरांची लिपी वाचता येत नाही, त्यामुळे बाई एक ओळ वाजवतात आणि आम्ही ती पोपटासारखी उचलतो. पियानो म्हणेल ते आम्ही म्हणतो. बरीचशी गाणी बाईंनी स्वतःच रचलेली आहेत. बाई स्वतः मात्र कधी गात नाहीत. ‘शिकवणाऱ्यानं गायला लागलं की शिकणारे ऐकत बसतात,’ हे त्यांचं तत्त्व. दुसरे डॉक्टर, म्हणजे दातांचे. ते समोर उभे राहून हातवारे करतात. ‘आ करा, मोठा, अजून मोठा’ हे त्यांच्याइतकं अधिकाराने कुणीच म्हणू शकत नाही. पण गाणं ऐन रंगात आलेलं असताना त्यांची नजर एकेकाच्या तोंडात जाते, आणि गाणं संपल्यावर ते हळूच जवळ येऊन सांगतात, “सूर छान लागला. उजवीकडची खालची दाढ मात्र दाखवून घ्या.” मंडळातले निम्मे लोक त्यांचे पेशंट आहेत. उरलेले निम्मे ओठ मिटून गातात.

बाई आणि डॉक्टर एकमेकांशी इतक्या अदबीने वागतात की दारातून आधी कोण जाणार यावर दोघंही बाहेर ताटकळतात. ही अदब लक्षात ठेवा. सगळा घोळ तिनेच केला.

तालीम होते वाचनालयाच्या वरच्या खोलीत. पियानोही वाचनालयाचाच. नवे व्यवस्थापक साहेब आल्यापासून ही खोली गुरुवारी कराटेच्या वर्गाला द्यावी असं त्यांच्या मनात घोळत होतं. कराटेवाले भरपूर होते, तरुण होते आणि दोन गाण्यांच्या मधे चहा मागत नव्हते. “वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तुमचं गाणं समिती ऐकेल, मग ठरवू,” असं साहेबांनी सांगितलं होतं. खोली गेली तर आम्हाला गुरुवारी घरी बसून मालिका बघता येईल. बाई मात्र एकट्या राहतात. चष्म्याचा नंबर तपासायला आल्या की जायला निघताना दुकानाच्या दारात मला म्हणायच्या, “चला, आता गुरुवारी.” मग तो सोमवार का असेना.

तेव्हा पियानो दुरुस्त व्हायलाच हवा होता. मी साहेबांकडे गेले.

“पियानो फर्निचरमध्ये येतो,” साहेब म्हणाले. “अर्ज करा.”

मी अर्ज केला. सुतार आला.

“कुठला पाय हलतोय?” त्याने विचारलं.

“पाय नाही हो, आवाज. ही पट्टी वाजत नाही.”

“आवाज माझ्याकडे येत नाही, ताई. पाय येतो.” आणि त्याने खरंच एका पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून तिथे लाकडाची सुबक चकती बसवली. वर पॉलिशही करून दिलं. पियानो जावयासारखा चमकायला लागला आणि तितकाच कामाचा राहिला.

मी परत साहेबांकडे. साहेबांनी विचार केला. आवाजाच्या वस्तू म्हणजे लाउडस्पीकर, आणि लाउडस्पीकर म्हणजे वीज. इलेक्ट्रिशियन आला. पियानोभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं.

“प्लग कुठंय?”

“प्लग नाही.”

“मग चालतो कसा?”

“बोटांनी.”

त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. जाताना खोलीतला दिवा मात्र बदलून गेला, त्यामुळे पियानोचं पॉलिश आणखी उठून दिसायला लागलं.

इकडे घरी सल्ल्यांचा पूर आला होता. शेजारचे निवृत्त इंजिनीअर म्हणाले, “ओल गेली की सूर येतो. ड्रायर फिरवा.” त्यांनी आयुष्यभर धरणं बांधली, त्यामुळे त्यांना जिथे तिथे ओलच दिसते. माझी धाकटी जाऊ वरच्या आवाजाच्या रांगेत गाते आणि स्वभावही तसाच. ती म्हणाली, “ताई, तुम्हाला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी? इतकी वर्षं चाललंय ना?” तिचं ऐकायला हवं होतं. पण धाकट्या जावेचं ऐकायची आमच्यात पद्धत नाही. ती मी तर काही नव्याने पाडणार नव्हते.

शेवटी साहेब म्हणाले, “तुमचं तुम्ही बघा. मला माहीत नाही असं समजा.” सरकारी परवानगीचा याहून पक्का प्रकार नाही.

पियानो सुरात लावणारा माणूस शोधून आणला. अबोल, उदास चेहऱ्याचा. पियानोचं वरचं झाकण उघडून तो आत डोकावला, मग कानाला हात लावून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता हा ‘हरी हरी’ म्हणणार. त्याने चिमट्याने आतून काहीतरी ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. तपकिरी, चिकट, धुळीने माखलेला गोळा.

त्याने वास घेतला. “खोकल्याची गोळी. पुदिन्याची. तारेवर पडणाऱ्या हातोडीला चिकटून बसली होती.”

त्या वेळी खोलीतल्या प्रत्येकाच्या गालात खोकल्याची पुदिन्याची गोळी होती. गाणाऱ्या माणसाचा तो श्वासच. सगळ्यांच्या चघळण्याचा आवाज एकदम थांबला. बाई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. वाजवताना त्यांची गोळी नेहमी पियानोवर, झाकणाच्या फटीच्या अगदी कडेला काढून ठेवलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोललं नाही.

तो गेल्यावर तालीम सुरू झाली. वर्धापनदिनासाठी बाईंचं सगळ्यात लाडकं गाणं निवडलं होतं, ‘घरा परतल्या साऱ्या वाटा’. आम्ही ते इतकी वर्षं गातोय की झोपेतून उठवलं तरी म्हणू. डॉक्टरांनी हात उचलले, आम्ही आ केला.

“घरा परतल्या साऱ्या वा...”

आणि आम्ही नेहमीप्रमाणे थांबलो. त्या शांततेत पियानोतून दारावरची घंटी वाजावी तसा एक स्वच्छ, ठणठणीत सूर आला. टण्ण!

जाऊबाईने वळून दाराकडे पाहिलं. कोण आलं असं तिला वाटलं.

पुन्हा सुरुवात. “साऱ्या वा...” टण्ण! मागच्या रांगेतल्या पोस्टमास्तरांना उचकी लागली. तिसऱ्या वेळेला डॉक्टरांनी हात खाली केले.

आता मला जे कळलं ते सगळ्यांना एकदमच कळलं. आम्ही गाणं पियानोकडून शिकलो होतो. ‘वाटा’मधला ‘टा’ नेमका त्या मुक्या पट्टीवर होता. पियानो तिथे गप्प, म्हणून आम्हीही गप्प. इतर गाण्यांत तो सूर येता जाता लागायचा, त्यामुळे फारसं कळत नसे. या गाण्याचं ध्रुवपद मात्र त्याच सुरावर येऊन टेकायचं, आणि आम्ही दर वेळी टेकायच्या आधीच उभे राहायचो. कागदावर ‘वाटा’ लिहिलेलं होतं. पण आम्हाला वाटायचं, ही कला आहे. मागे एका पाहुण्यांनी विचारलंही होतं की तुम्ही गाता गाता स्वतःलाच ‘वा’ का म्हणता.

“बाई,” डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, “चाल तुम्हीच तशी बांधलीय ना? थांबायची?”

“मी?” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला तिथे शांतता हवीय. तुम्ही हात असा वर धरून ठेवता.”

“तुमचे लोक थांबतात म्हणून मी धरतो!”

“मग विचारलं का नाहीत?”

“तुमच्या चालीत मी कसा बोलणार? तुम्ही का नाही विचारलंत?”

“तुमच्या हाताला मी कशी बोलणार?”

आम्ही सगळे फक्त एकदा इकडे, एकदा तिकडे माना वळवत होतो. माझी जाऊ कधी नव्हे ती खालच्या आवाजात म्हणाली, “पण बाई, पट्टी वाजत नाही हे तुम्हाला कळलं नाही?”

“मला तर ऐकू यायचा तो सूर,” बाई म्हणाल्या. “पट्टी दाबली की ऐकू यायचा.”

“कुठे?”

बाईंनी पियानोवरचे आपले हात उचलून मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत बसल्या.

“जिला मुका सूर ऐकू येतो,” त्या म्हणाल्या, “तिनं दुसऱ्यांना गाणं शिकवू नये. वर्धापनदिनाला वाजवीन, शब्द दिलाय. त्यानंतर नाही.” झाकण लावून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याच का? तर कामाची प्रमुख मी होते ना.

किल्ली पर्समध्ये टाकून मी घरी आले. एक साधी पट्टी दुरुस्त केली आणि मंडळाची बाई मोडून ठेवली. साहेबांना तर आयतंच मिळालं असतं. शिकवणारं कुणी नाही म्हटल्यावर खोली कराटेकडे गेलीच म्हणून समजा. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी वरची ओळ वाचायला सांगितली. त्याने ‘टा’ वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, नंबर फारच वाढलाय.

पुढच्या तालमींत डॉक्टरांनी आम्हाला ‘टा’ शिकवायचा प्रयत्न केला. काही जण लवकर म्हणायचे, काही उशिरा, काहींना म्हणायची हिंमतच व्हायची नाही. एकूण आवाज व्हायचा ‘टा... टाटा... टा’. खाली वाचनालयात बसलेले एक आजोबा दोनदा आपली पिशवी उचलून घरी निघाले. बाई मुकाट्याने वाजवत होत्या. कुणालाही चूक म्हणत नव्हत्या. बाईंनी चूक काढली नाही की काय होतं, ते त्या दिवसांत आम्हाला कळलं. आम्ही चुकायलाच विसरलो, नुसते वाईट गायला लागलो.

“एवढं काय त्यात?” आमचे हे जेवताना म्हणाले. “गोळी परत बसव.”

लग्न झाल्यापासून ह्यांनी सुचवलेला हा पहिलाच उपाय मला पटला. यावरून माझ्या मनाची अवस्था कळेल.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी किल्ली घेऊन गेले. पियानोचं वरचं झाकण उघडलं. एक गोळी तोंडात टाकून अर्धी मऊ केली, खुर्चीवर चढले, आत हात घातला आणि अंदाजाने त्या हातोडीला चिकटवली आणि लगेच दुसरी चघळायला घेतली. एवढ्यात दार वाजलं. माझं डोकं पियानोच्या आत आणि उरलेली मी बाहेर.

“आत काय करतेस?” बाईंचा आवाज.

“धूळ पुसतेय.”

“तोंडात काय आहे?”

“गोळी.”

“आणि हातात?”

हातातही गोळीच होती. दोन कमी पडल्या तर म्हणून तिसरी आणली होती. मी खुर्चीवरून उतरले. दुसरं कारण उरलं नव्हतं, म्हणून खरंच सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पट्टी दाबली. सूर आला नाही. अजून एकदा दाबली.

“नाही येत,” त्या म्हणाल्या. “आता मला ऐकू येत नाही. मुकी आहे हे कळलं ना, की बंद झालं.” आणि त्या खाली बसल्या. “अगं, ते गाणं मी रचलं तेव्हा घरात माणसं होती. तो शेवटचा सूर मला नेहमी दार उघडल्यासारखा वाटायचा. तुम्ही थांबायचात ना तिथे, तेव्हा वाटायचं, ही माणसं किती समजूतदार! माझं ऐकून घ्यायला थांबतात.”

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, “मग उद्याही थांबतो. आम्हाला नाहीतरी दुसरं काही येत नाहीये. आम्ही गप्प राहतो, तो सूर तुम्ही वाजवा. एकट्या.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा काढावा लागला. “आधी ती गोळी काढ,” त्या म्हणाल्या.

त्यांनी केसातला आकडा काढून दिला, मी आत शिरून गोळी उकरून काढली आणि माझ्या मऊ फडक्याने हातोडी स्वच्छ पुसली. अगदी पाणी लावून पुसली. साखरेला पाणी लावलं की काय होतं हे स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढलेल्या माझ्यासारखीने विसरावं, याला काय म्हणायचं? पण पट्टी दाबली तर वाजली, आणि आम्ही दोघी खूश होऊन घरी गेलो.

वर्धापनदिनाला खोली गच्च भरली. साहेब, समिती, मागच्या भिंतीला टेकून कराटेचे सर. गर्दीने उकाडा झाला होता. डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलं होतं. “म्हणजे ती शांतता आता अधिकृत?” त्यांनी विचारलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“घरा परतल्या साऱ्या वा...” आम्ही थांबलो. डॉक्टरांचा हात हवेत. आणि बाईंचा सूर आला, एकटा, नेमका.

दुसरं कडवं. “साऱ्या वा...” आम्ही थांबलो. बाईंनी पट्टी दाबली. पट्टी आवाज न करता खाली गेली आणि वर आलीच नाही. उकाड्यात माझी साखर जागी झाली होती. डॉक्टरांचा हात हवेतच होता. माझी जाऊ माझ्याकडे बघत होती, आणि तिची ती नजर मला पुढच्या प्रत्येक कौटुंबिक समारंभात भेटणार होती. बाईंनी पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी जमिनीत जायची वाट बघत होते.

आणि बाईंनी तोंड उघडलं. “...टा.”

आम्ही कुणी त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज जुना होता, कडेला थोडा खरखरीत, पण सूर इतका सरळ की जणू इतके दिवस तो त्याच जागी उभा राहून आमची वाट बघत होता. डॉक्टरांचा हात अलगद खाली आला. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. चष्मा माझ्याच दुकानातला, त्यामुळे काच खराब नव्हती हे मी खात्रीने सांगते.

तिसऱ्या वेळी बाईंनी पट्टीला हातही लावला नाही. आम्ही थांबलो, सगळी खोली थांबली, मागे कराटेच्या सरांनीही श्वास रोखला. आणि बाई गायल्या. कुणी घाई केली नाही. त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला.

टाळ्या संपल्यावर साहेब पुढे आले. “ती थांबायची पद्धत फारच सुंदर. कुणाची कल्पना?”

“बाईंची,” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टरांची,” बाई म्हणाल्या. एकाच वेळी. आणि दोघं दारापाशी जाऊन ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे राहिले.

खोली आमच्याकडेच राहिली. कराटेचे सर स्वतःच समितीला म्हणाले की त्यांना शुक्रवार चालेल. वर त्यांनी आम्हाला विचारलं, इतकी माणसं एका क्षणी एकदम कशी थांबतात, ते त्यांच्या मुलांना शिकवता येईल का. डॉक्टर म्हणाले, नक्की, फक्त आधी सगळ्यांना आ करायला सांगा.

पुढच्या गुरुवारी मी दार उघडून बसले होते. बाई येतात की नाही, काय माहीत. जिन्यावर पावलं वाजली. त्या आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

“पियानोवाल्याला परत बोलवू का?” मी विचारलं. “पट्टी अजून चिकटलेलीच आहे.”

“बघू सवडीनं. ती पट्टी आता मी सांभाळते.” त्या पियानोपाशी बसल्या, पर्समधून पुडी काढली आणि एक पुदिन्याची गोळी माझ्यापुढे धरली.

“ही घे,” बाई म्हणाल्या. “आणि तोंडात ठेव. तोंडातच.”